पंख असून सगळा वेळ जमिनीवरच? (निकोबारी कबूतर)

पाणकोंबडी

मंडळी, पक्ष्यांतलं कळणाऱ्यांसाठी हा धागा.

एका प्राणिसंग्रहालयात माणसांना आत शिरता येईल असा मोठा पक्षीपिंजरा आहे. तिथे निकोबारी कबूतर पहिल्यांदा जवळून पाहिलं. फोटोवरून कल्पनाच येत नाही. डोकं करडं, चोचीच्या मुळाशी काळी गाठ, पाय तांबडे. मानेवरून लांबच लांब अरुंद पिसं पाठीवर लोंबलेली. सावलीत उभं असेल तर काळपट वाटतं. उन्हाच्या कवडशात एक पाऊल टाकलं की पाठ हिरवी, पुढच्या पावलाला तांब्याची, मान वळवली की निळी. शेपूट इतकी आखूड की पंखांखाली जवळजवळ झाकून जाते, आणि जेवढी दिसते तेवढी पांढरीशुभ्र.

पण मला अडलंय ते वेगळंच. पिंजऱ्यात उंच झाडं होती, बाकीचे पक्षी वर होते. हे मात्र सगळा वेळ खाली पाचोळ्यात. अगदी जवळ गेलं तरी उडायचं नाव नाही, चार पावलं चालत बाजूला. जंगलातही हे असंच राहतं का? मग एवढे मोठे पंख कशाला? डोडोचा सर्वांत जवळचा जिवंत नातेवाईक म्हणजे हाच, असंही तिथल्या पाटीवर होतं. म्हणजे हाही उडणं विसरायच्या वाटेवर आहे की काय?

टिटवी

पहिली! जाणकार येईपर्यंत जागा धरून ठेवते.

निवडुंग

आपला राज्यपक्षी हरियल म्हणे जमिनीला पाय लावत नाही. पाणी प्यायला उतरायची वेळ आली तर पायात काडी धरून उतरतो, असं ऐकत मोठे झालो. आणि हे महाशय जमीन सोडत नाहीत. एकाच घराण्यात सोवळं-ओवळं! (ह. घ्या.)

खंड्या

निवडुंग, गंमत म्हणून लिहिलंत, पण उत्तराचं टोक तिथेच आहे.

उष्ण प्रदेशातल्या जंगलात कबुतरांचे ढोबळमानाने दोन धंदे. एक वरचा: फांदीवर बसून पिकली फळं खायची. हरियल आणि इंपीरियल पिजन त्यातले. दुसरा खालचा: गळून पडलेली फळं, बिया, कठीण कवचाच्या बिया वेचायच्या. सह्याद्रीत हा दुसरा धंदा पाचू कवडा करतो. जंगलातल्या वाटेवर एकटाच नाहीतर जोडीने टिपत असतो आणि आपण अगदी जवळ गेल्यावर पायाखालून उठल्यासारखा भुर्रकन, जमिनीलगत, झाडांमधून वाट काढत जातो. तेव्हा पाठीच्या खालच्या भागावरचे दोन फिकट पट्टे तेवढे दिसतात. मध्य-दक्षिण अमेरिकेत लावाकवडे, फिलिपिन्समध्ये छातीवर लाल डाग असलेली ब्लीडिंग हार्ट, न्यू गिनीत गौरा, म्हणजे आज जिवंत असलेली सगळ्यांत मोठी कबुतरं. हे सगळे खालच्या धंद्यातले.

निकोबारीही त्यातलाच, लांबी साधारण 40 सेंटिमीटर. अंदमान-निकोबारपासून मलेशिया, इंडोनेशिया, न्यू गिनीच्या आसपासची बेटं, सॉलोमन, पलाऊ असा त्याचा पसारा. पसारा म्हटला तरी मोठ्या भूभागावर नाही. लहान बेटं आणि त्यांचे किनारे.

तेव्हा जंगलातही असंच का, तर हो. दिवसभर जमिनीवर, हलकी चाल, कमी आवाज.

आडवाटेचा

माहितीपूर्ण. एक भर घालतो. हे पक्षी बेटाबेटांवर फिरतात, म्हणजे बियाही एका बेटावरून दुसऱ्या बेटावर नेत असणार. जंगलाचे माळी म्हणायला हरकत नाही.

घुबडराव

माळी म्हणायला भरपूर हरकत आहे, आडवाटेचा.

कबुतराने बी गिळली म्हणजे पेरली असं नसतं. त्याची पेषणी, म्हणजे पोटातला दळणारा भाग, कशी आहे त्यावर ठरतं. इंपीरियल पिजनची पेषणी पातळ असते. गर पचतो, बी जशीच्या तशी खाली पडते, तेही झाडापासून लांब. तो खरा माळी. निकोबारीची पेषणी जाड स्नायूंची, आत गिळलेले खडे. ते पोटातलं जातंच. ज्या कवचाला आपल्याला हातोडी घ्यावी लागेल ते त्यात फुटतं आणि बीचं पीठ होतं. पीठ रुजत नाही. जमिनीवर राहणारी बहुतेक कबुतरं बिया खाणारी आहेत, बिया पसरवणारी नाहीत.

आणि निवडुंग, तुमचा सोवळा हरियल उंबर खातो तेव्हा त्यातल्या बारीक बियाही बऱ्याचशा दळूनच टाकतो. वर बसतो म्हणून माळी ठरत नाही. काडीची गोष्ट छान आहे, पण हरियल पाण्याला आणि खारट मातीला खाली उतरतो, काडीबिडी न घेता.

आडवाटेचा

दळतो हे मान्य. पण शंभर टक्के? कबूतर आधी अन्नपिशवी भरून घेतं, दळण नंतर चालतं. सकाळी भरून घेतलं आणि मध्येच समुद्र ओलांडला, पलीकडे ससाण्याने धरला, पिशवी फुटली, बिया सांडल्या. झाली की पेरणी!

घुबडराव

माळ्याला मारून बाग फुलवायची ही पद्धत नवीन आहे.

गमतीचा भाग सोडला तर मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. फार बारीक आणि फार टणक अशा काही बिया जात्यातून निसटतातही. पण कधीमधी निसटणं वेगळं आणि तो धंदा असणं वेगळं.

टिटवी

मी पाचू कवड्याला जवळून पाहिलंय, पण फार वाईट प्रकारे. जंगलाला लागून असलेल्या एका विश्रामगृहाच्या काचेवर आपटून पडला होता. पाठीवरचा हिरवा रंग बघतच राहावा असा, आणि मान लुळी. खंड्या म्हणतात ते जमिनीलगतचं सुसाट उडणं काचेपुढे जिवावर बेततं.

खंड्या

हो, सिंगापूरमध्ये इमारतींच्या काचांवर आदळणाऱ्या पक्ष्यांत पाचू कवडा वरच्या क्रमांकात असतो. झाडांच्या खोडांमधली फट हेरून घुसायची सवय. काचेत पलीकडची झाडं दिसतात, ती त्याला फटच वाटते.

सागरगोटा

धागा उशिरा पाहिला. नोकरीच्या निमित्ताने मी काही वर्षं ग्रेट निकोबारवर कॅम्पबेल बेला होतो, त्यामुळे हा पक्षी पिंजऱ्याबाहेर पाहिलाय. पाहिलाय म्हणजे आधी ऐकलाय.

किनाऱ्यालगतच्या जंगलात दाट सावली असते, खाली ओला पाचोळा. त्यात खर्र, खर्र असा आवाज येतो, थांबतो, पुन्हा येतो. आधी वाटतं खेकडा असेल. मी खोडाला टेकून न हलता उभा राहिलो तेव्हा दिसला. कोंबडी पायांनी उकरते, हा पायांनी उकरत नाही. चोचीने पान धरतो आणि मान झटकून बाजूला भिरकावतो. एक पान डावीकडे, एक उजवीकडे. खाली काही सापडलं की चोचीत धरून थोडं फिरवतो, डोकं पुढे काढून गिळतो. एकदा लिंबाएवढं काहीतरी गिळताना पाहिलं. गळ्याशी फुगवटा आला, हळूहळू खाली सरकला, मानेवरची पिसं फिसकारली, पुन्हा बसली. लगेच पुढचं पान. इतका चमकदार पक्षी त्या सावलीत सहज हरवतो. नजर क्षणभर हलली की कुठे होता ते सापडत नाही.

आता पाणकोंबडीताईंचा प्रश्न. पंख कशाला? त्याचं उत्तर जंगलात मिळत नाही, होडीत मिळतं. दिवस कलला की हेच पक्षी पाण्यावरून जाताना दिसायचे. विस्कळीत थवा नव्हे, एकामागे एक, रांगेत, जोरकस आणि सारख्या गतीने पंख मारत. ज्याला दिवसभर चालताना पाहिलं तोच हा, हे पटायला वेळ लागतो.

कारण असं की त्याला राहायला आणि खायला वेगवेगळी बेटं परवडतात. रात्र काढायला आणि घरटी करायला लहान, निर्मनुष्य, शिकारी प्राणी नसलेलं बेट. पण तशा चिमुकल्या बेटावर एवढ्या तोंडांना पुरेल इतकं खाणं कुठून येणार? त्यासाठी मोठ्या बेटांवरचं जंगल. मोठ्या बेटावर खाणं आहे, पण तिथे अजगर आहेत, ग्रेट निकोबारवर माकडं आहेत, वस्तीबरोबर आलेली मांजरं आणि उंदीर आहेत. अंडं एकच. ते तिथे कोण ठेवेल? म्हणून खाणं एकीकडे, घर दुसरीकडे, मध्ये समुद्र. त्याला नुसतं जमिनीवरचं कबूतर म्हटलं की ही अर्धी गोष्ट राहून जाते.

निवडुंग

_/\_ दंडवत. सागरगोटा काका, तुम्ही इतके दिवस कुठे होतात?

रानभूल

सागरगोटा, अप्रतिम. बट्टी माल्वला जाणं झालं होतं का? कार निकोबार आणि मधल्या निकोबार बेटांच्या दरम्यानचं ते छोटं निर्मनुष्य बेट. 1873 साली अॅलन ह्यूम अंदमान-निकोबारच्या सफरीवर गेला होता, त्याच्या लिखाणात तिथल्या प्रचंड वसाहतीचा उल्लेख येतो. हा तोच ह्यूम, काँग्रेसच्या स्थापनेतला. पक्ष्यांचा वेडा होता.

सागरगोटा

नाही, बट्टी माल्व अभयारण्य आहे, आपल्या मनाने उतरता येत नाही. लांबून पाहिलंय. एकूणच निकोबारमध्ये बाहेरच्यांना मुक्त प्रवेश नाही. 1956 च्या आदिवासी संरक्षण नियमनाखाली परवाना लागतो आणि पर्यटनासाठी तो मिळत नाही. तेव्हा कॅमेरा घेऊन निघायच्या बेतात कोणी असेल तर विसरा.

भटकभवानी

आता त्या बेटांचं काय राहणार आहे देव जाणे. तिकडे बंदर, विमानतळ, शहर सगळं येतंय. गलाथिया बेच्या किनाऱ्यावर कासवं, मेगापोड पक्षी, आणि

कोतवाल

भटकभवानी, 2022 मध्ये ज्या प्रकल्पाला पर्यावरण मंजुरी मिळाली त्यावर आधीच एक धागा आहे आणि तो फार तापलाय. चर्चा तिकडे. इथे कबूतर.

भटकभवानी

वाक्य तरी पुरं करू द्यायचंत! असो. कबुतरापुरतं विचारते. 2004 च्या त्सुनामीत ग्रेट निकोबारचं दक्षिण टोक चार मीटरहून जास्त खचलं, दीपगृहाचा पाया पाण्यात गेला. किनाऱ्याचं जंगल म्हणजे याचंच ताट. त्याला फटका बसलाच असेल ना?

सागरगोटा

मी गेलो तो त्सुनामीनंतर. किनाऱ्याला वाळलेल्या झाडांचे सांगाडे पाण्यात उभे होते. किनारी जंगलाचा मोठा पट्टा गेला हे डोळ्यांना दिसत होतं. आतल्या जंगलात कबुतरं होती. ज्याला बेट बदलता येतं तो तगतो. मेगापोडचं तसं नाही, त्याची मातीची ढिगारावजा घरटी अगदी किनाऱ्यालगत असतात, त्याला जबर तडाखा बसला. आता थांबतो, नाहीतर कोतवाल येतील.

मृगजळ

डोडोचं कोणीच घेतलं नाही, मी घेतो.

नातं खरं आहे. 2002 मध्ये संग्रहालयातल्या डोडोच्या नमुन्यातून डीएनए काढून तुलना केली गेली. डोडो आणि रॉड्रिग्ज बेटावरचा सॉलिटेअर ही सख्खी भावंडं निघाली आणि आज जिवंत असलेल्यांत निकोबारी त्यांना सगळ्यांत जवळचा. पण जवळचा म्हणजे चुलत घराण्यातला, तोही पार जुना. डोडो निकोबारीपासून झाला नाही आणि निकोबारीचा डोडो होणार नाही.

या घराण्यात आणखी एक दुर्दैवी मेंबर आहे. लिव्हरपूलच्या संग्रहालयात एका ठिपकेदार हिरव्या कबुतराचा जगातला एकुलता एक नमुना आहे. कुठल्या बेटावरून आणला याची नोंद नाही. तो पक्षी वेगळाच होता का, यावरही वाद होता. 2014 मध्ये त्याच्या पिसातल्या डीएनएवरून कळलं की तो स्वतंत्र जातीचा आणि निकोबारी-डोडोच्या गोतावळ्यातला. तोवर नामशेषही झालेला.

पाणकोंबडी

हे सगळं वाचून थक्क. पण "होणार नाही" इतकं ठाम कसं म्हणता, मृगजळ? डोडोचे पूर्वजही उडतच मॉरिशसला पोचले असतील ना. तिथे शत्रू नव्हते, खाली खाणं होतं, पंख गेले. निकोबारीलाही खाणं खालीच आहे, आणि बेटावर शत्रू नाहीत.

मृगजळ

बरोबर जागी बोट ठेवलंत. फरक सागरगोटांनी सांगितला त्यातच आहे. डोडोच्या पूर्वजांना मॉरिशसवर खाणं, घर, सगळं एका ठिकाणी मिळालं. उडायला लागणारे छातीचे स्नायू बाळगणं महाग असतं, गरज संपली की ते घटत जातात. निकोबारीची गरज संपलेलीच नाही. ज्याला रोज समुद्र ओलांडायचाय त्याच्यात आखूड पंखांचा निघाला तर तो एक तर उपाशी मरेल नाहीतर बुडेल. आणि उत्क्रांती म्हणजे ठरलेली एसटी नव्हे, की डोडो हे पुढचं स्थानक!

किती लांब जाऊ शकतो पाहा: 2017 मध्ये एक निकोबारी चक्क ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्यावर, ब्रूमच्या उत्तरेला सापडला.

घुबडराव

आणि तिथल्या लोकांनी त्याला क्वारंटाइनमध्ये टाकलं. पासपोर्ट नव्हता.

रानभूल

पांढऱ्या शेपटीचं कोणी बोलत नाहीये. सगळीकडे वाचायला मिळतं की पहाटे-तिन्हीसांजेला समुद्रावरून जाताना मागच्याला पुढच्याची पांढरी शेपूट दिसावी म्हणून ती तशी. पिल्लांची शेपूट काळपट असते हे विशेष.

घुबडराव

ऐकायला फार गोड, म्हणूनच मला संशय. पांढरी शेपूट दिसते हे खरं, म्हणून ती त्यासाठीच आहे असं कसं? हा अंदाज आहे, आणि अंदाज म्हणूनच सांगावा. शिवाय मागच्याने पुढच्याला बघायचं असेल तर पिल्लांच्या मागे उडणाऱ्याने काय करायचं?

सागरगोटा

पिल्लं रांगेत मागे राहत असतील तर काहीच अडचण नाही. :) मला दुसरा अंदाज जास्त पटतो. इतक्या गर्दीच्या वसाहतीत वयात आलेला कोण आणि कच्चा कोण हे चटकन कळावं. काळ्या शेपटीचा म्हणजे जोडीदारही नव्हे आणि प्रतिस्पर्धीही नव्हे, त्याच्याशी भांडण्यात वेळ घालवू नका. पण एक सांगतो, अंधारून आल्यावर होडीतून खरोखर ती शेपूटच दिसते, पक्षी दिसत नाही.

निवडुंग

थोडं अवांतर, पण जमिनीवरच्या कबुतरांचंच. पापुआ न्यू गिनीच्या फर्ग्युसन बेटावर तितर-कबूतर म्हणावं अशा पक्ष्याची एक काळ्या मानेची जात आहे. शास्त्रज्ञांच्या हाती शेवटची 1882 मध्ये लागली होती. 2022 च्या सप्टेंबरमध्ये तिथे लावलेल्या कॅमेरा ट्रॅपमध्ये चालत आली. शेपूट वरखाली करत, आरामात. 140 वर्षं गायब! अर्थात तिथल्या शिकाऱ्यांना माहीत होतीच, त्यांच्याच सांगण्यावरून कॅमेरे लावले.

खंड्या

हा फारच चांगला दाखला. उडणारं कबूतर आकाशात कोणालाही दिसतं. चालणारं दाट जंगलात असून नसल्यासारखं. म्हणून या मंडळींची खरी स्थिती कळायला उशीर होतो. निकोबारी सध्या "संकटाच्या उंबरठ्यावर" या वर्गात आहे, आपल्याकडे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत. शिकार मांसासाठी होतेच, शिवाय पेषणीतल्या खड्यांसाठीही. ते दागिन्यांत घालतात.

आडवाटेचा

घुबडरावांचं जातं कोणाच्या तरी गळ्यात!

पाणकोंबडी

एक शेवटची शंका. पिंजऱ्यात उंच झाडं असूनही ते वर गेलं नाही, ते बंदिवासामुळे की स्वभाव?

खंड्या

स्वभाव आणि वेळ. तुम्ही दिवसा गेलात, खाणं खाली ठेवलेलं, तो कशाला वर जाईल? झोपायला झाडावरच जातो, घरटंही झाडावर. काटक्यांचा विरळ माचा, पाहुण्याला वाटावं अजून बांधायचाय. बंद व्हायच्या सुमाराला जा, फांदीवर दिसेल. आणि त्याला दचकवू नका. कबुतरांची पिसं सैल बसलेली असतात, घाबरलं की झुबका गळून पडतो. शिकाऱ्याच्या तोंडात पिसं राहावीत आणि पक्षी सुटावा, एवढी सोय.

टिटवी

एकच अंडं म्हणालात ना सागरगोटा? शहरातली कबुतरं तर दोन-दोन घालतात, वर्षभर. याला एकावर कसं भागतं?

सागरगोटा

भागतं कारण त्या बेटावर अंडं खाणारं कोणी नसतं आणि पक्षी बरीच वर्षं जगतो. आईबाप दोघंही उबवतात, दोघंही अन्नपिशवीत तयार होणारं दाट दूध पिल्लाला भरवतात. सगळं एकावर खर्च. पण हाच हिशेब उलटतो तेव्हा फार वाईट. त्या बेटावर एखाद्या होडीतून उंदीर उतरले की दोन-चार हंगामांत पुढची पिढीच नाही, आणि मोठे पक्षी रोज रांगेने येत-जात असल्याने आपल्याला वाटत राहतं, सगळं ठीक आहे. अशा वेळी मोठे किती ते मोजून उपयोग नाही, काळ्या शेपटीचे किती ते मोजायचे.

घुबडराव

शेपटीचा हा उपयोग मात्र मला बिनशर्त मान्य.